मीराबाईची ओंजळ

मीराबाई नर्स वारली, तिच्या पुण्यानुमोदनाला भूपेशभाऊ आले, ते स्वतःचं पाणी घेऊन आले. सीलबंद बाटली, गाडीतून काढलेली. साक्षीनं गिलासांचा ट्रे पुढे केला, तर म्हणतात कसे, "उपास हाये माहा." आता बोला! उपासाला पाणी चालत नाही, हे या गावात कोणी कधी ऐकलं होतं?

साक्षीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मीराबाई तिची आजी. पण बाप, हरिदास, दारातूनच डोळे वटारत होता. बुद्धवंदना नुकतीच आटोपली होती, पांढऱ्या साड्यांतल्या बाया डोळे पुसत होत्या. तिनं ट्रे खाली ठेवला आणि बायांमध्ये जाऊन बसली.

भूपेशभाऊ म्हणजे मूल शहरातल्या राइस मिलचे मालक, गावचे माजी सरपंच. माईक त्यांच्या हातात जाणार हे ठरलेलंच. त्यांचा जन्म आजीच्या हातचा, हेही साऱ्यांना ठाऊक. तसा अर्धा गावच आजीच्या हातचा. नाल्याला पाणी असलं की सायकल खांद्यावर घेऊन ती बाळंतिणीच्या घरी पोचायची आणि आधी नवऱ्याला झापायची, "बाप होऊन राह्यला ना? मंग उभा काऊन? पाणी तापव!" सुनेला उपाशी ठेवणाऱ्या सासवांचीही खैर नसायची. तिचंच पाहून साक्षी नर्स झाली. अशी बाई! पण तिला तहान लागली तर?

ते आजीनं साक्षीला एकदाच सांगितलं होतं, तेही हसत. भूपेश पायाळू होता. दिवसभर खपून आजीनं त्याला सोडवलं, त्याची माय गोकुळा वाचली. मग अंगणात येऊन आजीनं पाणी मागितलं. गोकुळाच्या सासूनं तिला ओंजळ करायला लावली आणि हातभर वरून लोटा ओतला. आजी वेशीपर्यंत पोचलीही नसेल, तोवर पोराला दुसरी आंघोळ. हिचा हात लागला होता ना!

"आन् तू हासून राह्यली?" साक्षी तेव्हा ओरडली होती.

"मंग का करू? पोरगं रडलं, माहं काम झालं."

झालं म्हणे! साक्षीला ते तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नव्हतं. आजे, तो लोटा तू एकदा तरी हिसकून घ्यायला हवा होता गं!

भूपेशभाऊंनी आपल्या बाटलीतून दोन घोट घेतले आणि माईक धरला. "मीराबाई माह्यासाठी मायच होती. तिनं कधी जात पाह्यली नाई. आमच्या घरानंही तिले कधी परकं मानलं नाई..."

वा रे वा! साक्षी उठलीच. हरिदास "बाई, राहू दे" म्हणेपर्यंत ती भरला गिलास घेऊन पुढे पोचली होती.

"माय होती ना, भाऊ? मंग मायच्या घरचं पाणी प्या. बाटलीतलं तं चाललं उपासाले."

 भूपेशभाऊ हसायला गेले, पण जमलं नाही.

तेवढ्यात बायांमधून गोकुळाबाई उठल्या. पार वाकलेल्या, काठी टेकत टेकत साक्षीसमोर आल्या. काठी बगलेत धरली आणि दोन्ही हातांची ओंजळ केली.

"मले दे. वरून ओत," त्या म्हणाल्या. "मी त्या दिवशी खाटेवरून पाह्यलं, पोरी. तोंडातून शब्द नाई काढला."

साक्षीचा हात वर गेला. ओतावंसं वाटलं, खूप वाटलं. साऱ्या गावासमोर, हातभर वरून! पण त्या सुरकुतल्या ओंजळीत तिला आजीचेच हात दिसले आणि तिचे डोळे भरून आले. राग मात्र तसूभर कमी झाला नाही. तिनं म्हातारीची ओंजळ मोडली आणि गिलास तिच्या हातात कोंबला.

"गिलासानं प्या, बाई. आमच्या घरी कोणाले वरून ओतत नाई."

गोकुळाबाई घटाघटा प्यायल्या. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं. माफीचं काहीतरी त्या पुटपुटल्या. साक्षीनं ऐकलं. त्याचं उत्तर द्यायला आजीच हवी होती.

मग तिनं दुसरा गिलास भरून भूपेशभाऊंपुढे धरला आणि दुसऱ्या हातानं त्यांच्याकडचा माईक काढून घेतला.

"आधी हे प्या, भाऊ. माह्या आजीवर मंग बोला."