सात नंबरच्या खाटेजवळचे स्टूल

मी एक जुने स्टूल आहे. रंग उडालाय, एक पाय डुगडुगतो. म्हणून काय झाले? मित्रांनो, अजून कुणालाही पाडलेले नाही मी.

नवे होते तेव्हा वॉर्डात सगळे मला थोपटून म्हणत, "दणकट आहे हं." पुढे कौतुक आटले. बसायला मात्र मीच लागते.

इथल्या मोठ्या सिस्टर पायाला भिंगरी लावल्यासारख्या फिरतात. औषधे देतात, जखमा बांधतात, ताप बघतात आणि कागद तर लिहून लिहून बोटे दुखेपर्यंत लिहितात. दुपारी जरा माझ्यावर टेकतात आणि रुग्णाशी बोलतात.

एकदा ऑफिसातून एक साहेब घड्याळ घेऊन आले. कोणत्या कामाला किती मिनिटे, हे मोजत ते तीन दिवस सिस्टरांच्या मागे फिरले. औषधे, ड्रेसिंग, नोंदी, ये-जा, सगळ्यांना रकाने. सिस्टर माझ्यावर बसल्या की लिहीत, 'रिकामा वेळ'. मला असा राग आला! वर म्हणाले, "ही स्टुलं उद्या उचला. उगाच बसणं होतं."

त्याच दुपारी सिस्टर सात नंबरच्या आजींजवळ टेकल्या. सुनेची चौकशी केली, नातवाची केली. मग आजी हळूच म्हणाल्या, "बाई, रागावू नका. गोळी घशात अडकते हो. मी उशीखाली ठेवते." उशीखाली चार दिवसांच्या हृदयाच्या गोळ्या निघाल्या. डॉक्टरांनी लगेच येऊन आजींना तपासले आणि पातळ औषध सुरू केले.

सिस्टर साहेबांकडे वळल्या. "गोळ्या दिल्या ते तुम्ही काम धरलंत. त्या पोटात गेल्याच नाहीत, हे मला बसल्यावर कळलं. ते कुठे लिहिणार?"

"तसा रकाना नाही, सिस्टर."

"मग आखा."

साहेबांनी आखला नाही. दुसऱ्या दिवशी माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. सिस्टर स्वतः आल्या आणि मला काखोटीला मारून परत घेऊन गेल्या. चार दिवस हेच चालले. साहेब वैतागले, "यात किती वेळ जातो तुमचा?"

"दोन मिनिटं. लिहा."

पाचव्या दिवशी मला अडगळीत न्यायला कुणी आले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी म्हणणार नाही. मी मोडले तर खुशाल जळणात घाला. पण एखादी सिस्टर रुग्णाजवळ बसलेली दिसली, तर तिला 'काही काम नाही का' असे विचारायचे नाही. ती काम करते आहे.