माथ्यावरचं तळं

लेकीने अट घातली होती, तीही डोंगरात जीप चढवणाऱ्या आमच्या क्लबातल्या सगळ्यांसमोर. "बाबा, जीपमध्ये शेजारी बसायचं, पण उंटावरून शेळ्या हाकायच्या नाहीत. एक शब्द बोललात, तर पुढच्या खेपेपासून घरी!"

आता मी तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. जीपही माझीच, गुडघे क्लचला नाही म्हणायला लागले म्हणून तिला दिली. आणि दिवसभर चष्म्याच्या दुकानात "खालची ओळ वाचा" म्हणणारी ही पोरगी मला गप्प बसवणार! पण घरी बायकोच्या समोर बसून वाटाणे सोलण्यापेक्षा तोंडाला कुलूप परवडलं.

सहा गाड्या होत्या. डोंगराच्या पायथ्याशी सगळ्यांनी टायरमधली हवा कमी केली, म्हणजे दगडावर पकड चांगली बसते. लेकीने जरा जास्तच काढली. मी काच खाली केली, पुन्हा वर केली, पण बोललो नाही.

चिखलाच्या ओढ्यातून मात्र तिने गाडी छान काढली हो! गिअर वेळेवर, कुठे घाई नाही. शाबासकी द्यावीशी वाटली, पण तोही शब्दच. वाटेत चारदा माझा पाय आपोआप ब्रेक दाबायला गेला. तिथे ब्रेक कुठला, नुसती चटई होती.

मग आली पायरी. क्लबात सगळे तिला तेच म्हणतात. कातळाचे गुडघाभर उंचीचे तीन टप्पे, की झाला माथा. क्लबचा मिस्त्री, माझा जुना दोस्त, वर उभा राहून हाताने खुणा करत होता: उजवीकडून घे, उजवीकडून. पुढच्या गाड्या तशाच गेल्या.

लेकीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काका, मी डावीकडून घेते! बाबा चार वेळा तिकडूनच चढलेत!"

मी दाराची दांडी पकडली.

त्याचं असं आहे, घरात ही पायरी मी कायम चढत आलोय. जेवताना चढलोय, पाहुण्यांसमोर चढलोय, लेक लहान असताना तिला झोपवताना तर कितीदा! डावं चाक दगडावर, उजवं चरात, आणि वर पोचलं की निळंशार तळं. प्रत्यक्षात चारही वेळा इथे जीप जराशी तिरकी झाली, की माझी छाती धडधडायला लागली आणि मी खालच्या वाटेने वळसा घालून घरी. चारही वेळा सोबत असलेल्या मिस्त्रीने कधी कुणापुढे ब्र काढला नाही.

डावं चाक दगडावर चढलं. उजवं चरात खचलं आणि जीप कलायला लागली. बोललो तर इज्जत जाणार, नाही बोललो तर पोरगी उलटणार. यात विचार कसला करायचा?

"थांब! ब्रेक धर, मागे घे! मी इथून कधीच चढलो नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे थापा मारल्या. चार वेळा आलो, चारही वेळा घाबरून परत गेलो. मिस्त्री सांगतोय तसं कर."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी चटईकडे. मग तिने गाडी मागे घेतली, मिस्त्रीच्या हातांवर नजर ठेवली आणि उजवीकडून लावली. पहिला टप्पा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला चाक घसरलं, खाली दगड करकरला, समोर नुसतं आभाळ दिसलं आणि मग एकदम सपाट गवत.

आयुष्यात पहिल्यांदा वर आलो. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आता तरी!

लेक उतरली आणि कमरेवर हात ठेवून चौफेर पाहू लागली. गवत, तीन झुडपं, क्लबच्या गाड्या.

"बाबा, तळं कुठंय?"

मी मिस्त्रीकडे पाहिलं. "आटलं असेल," म्हणून त्याने तोंड फिरवलं. खांदे मात्र गदगदत होते.

तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. बायको! तिच्या आवाजाला स्पीकर लागत नाही. "चढली का गं गाडी? आणि ते तळं आहे का खरंच? मला मेलीला कधी नेलं नाही यांनी."

माझे कान तापले. लेकीने माझ्याकडे पाहिलं, अगदी सावकाश, दुकानात गिऱ्हाइकाचा नंबर काढताना बघते तसं.

"आहे की आई," ती म्हणाली. "बाबा सांगतात तस्संच. पाणी जरा कमी आहे, एवढंच. पुढच्या खेपेला मी आणि बाबा पुन्हा बघून येऊ."