चुकून ऐकलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी हातपेटी आहे. इंग्रजीत मला कॉन्सर्टिना म्हणतात. तुमच्या भजनातल्या पेटीची मी लांबची बहीण. ती ऐसपैस बसते, मला मात्र दोन्ही हातांत धरून ओढावे आणि दाबावे लागते. दोन षटकोनी लाकडी टोके, मध्ये कातडी भाता, आत पोलादाच्या बारीक पट्ट्या, एवढाच माझा संसार. आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. कुणी जवळ येऊन गोड बोलू लागले की माझा भाता आखडतो. असे का, ते ऐका.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एका कारागिराने मला घडवले. नुआला टीअर्नी नावाच्या मुलीसाठी तिच्या आईने मला विकत घेतले. नुआला स्वयंपाकघरात टेबलाशी बसून गाणी रचायची. आधी एखादी ओळ पुटपुटायची, मग माझ्यावर तिचे सूर शोधायची. ओळ पसंत पडली नाही तर माझा भाता फुस्सकन मिटायची. माझे ते सुखाचे दिवस होते.

पुढे तिने फिंटन नावाच्या गायकाशी लग्न केले. आवाज त्याचा, शब्द आणि चाल तिची. त्यांच्या एका गाण्याने तर नशीबच काढले. जिकडेतिकडे ते वाजू लागले. रेकॉर्ड घरी आली तेव्हा नुआलाने हौसेने मागची बाजू वाचली. शब्द, संगीत आणि गायन या तिन्ही ठिकाणी एकच नाव होते. फिंटनचे.

"माझं नाव कुठे आहे?" तिने विचारले.

"अगं, नवराबायकोत कसलं तुझं-माझं?" तो हसून म्हणाला. "घरातल्या घरातच तर आहे."

ते हसणे मी अजून विसरलेले नाही. त्याच आठवड्यात नुआला मला घेऊन त्या घरातून बाहेर पडली.

नंतर तिने पुष्कळ लिहिले. दुसऱ्या गायकांसाठी लिहिले, नाटकांसाठी लिहिले, बिस्किटाच्या जाहिरातीसाठीसुद्धा लिहिले. पण सही-शिक्का झाल्याशिवाय ती कुणापुढे एक ओळ गात नसे. "ही बाई आधी वकील दाखवते, मग गाणं," असे लोक म्हणू लागले. हळूहळू बोलावणी कमी झाली. केस पांढरे झाले. तेव्हा बहारीनमधल्या झल्लाकच्या समुद्रावरच्या एका हॉटेलात गाण्याचे काम मिळाले, ते तिने घेतले आणि आम्ही दोघी इकडे आलो.

हॉटेलात पाहुण्यांच्या फर्माइशी येत. "ते फिंटनचं गाणं म्हणा ना!" असे कुणीतरी हमखास म्हणे. नुआला मान डोलावून स्वतःचेच गाणे फिंटनच्या नावाने गायची. माझ्या पट्ट्या तेव्हा जरा जास्तच कर्कश वाजत असतील.

हॉटेलच्या स्टाफबरोबर राहायला ती तयार नव्हती. तिने गुदैबिया नावाच्या वस्तीत एका जुन्या इमारतीत फ्लॅट घेतला. शेजारी कुडाळकडचे परब कुटुंब राहत होते. प्रशांत परब त्याच हॉटेलात साऊंड सिस्टिम सांभाळायचा आणि नुआलाला आपल्या गाडीतून नेआण करायचा. त्याची बायको रंजिता सलमानियाच्या एका दवाखान्यात कामाला होती. त्यांची मुलगी भक्ती शाळेत जायची. आईवडील मराठीत बोलत आणि ती इंग्रजीत उत्तर देई.

नुआला रियाजाला बसली की दाराच्या फटीला टॉवेल लावायची. ते रंजिताच्या नजरेतून सुटले नाही. स्वयंपाकघरांच्या मधल्या पोकळीतून तिचे बोलणे मला ऐकू यायचे.

"ही गोरी बाय हंय आपल्यात कित्याक रवता?" ती प्रशांतला म्हणायची. "दाराक टॉवेल लावता! काय तरी भानगड आसतली."

"आपल्याला काय करायचं?" प्रशांत म्हणायचा. "हॉटेलची बाई आहे. गप राहा."

रंजिताला नुआलाचा संशय, नुआलाला सगळ्या जगाचा संशय, आणि मला दोघींचा. असे आमचे शेजारपण चालले होते.

त्या दिवसांत नुआला एक नवे गाणे रचत होती. ते तिच्या वारलेल्या आईवर होते. हे गाणे तिने कुणालाच ऐकवलेले नव्हते. त्यातल्या एका ओळीवर ती सारखी अडायची. तिची ओळ अशी होती: "आई, दाराला कुलूप लावून मी गेले." गायची, थांबायची, माझा भाता मिटायची. काहीतरी जमत नव्हते.

एका दुपारी आम्ही जिना उतरत होतो. मला ती एकटीला घरी ठेवत नसे, मी तिच्या खांद्यावरच्या पिशवीत असायचे. भक्ती शाळेतून येत होती. दप्तर पाठीवर, हात कठड्यावर, आणि तोंडात गाणे. नुआलाचे गाणे!

नुआलाचे पाऊल पायरीवरच थबकले. भक्ती हसून वर निघून गेली. नुआला उलटी फिरली आणि परबांच्या दारावर थापा मारू लागली. प्रशांत बनियनवर दार उघडायला आला.

"तू माझं गाणं रेकॉर्ड केलंस!" ती ओरडली. "कुणाला दिलंस? किती जणांना दिलंस?"

"मॅडम, कुठलं गाणं?" प्रशांत मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "हॉटेलात जे गाता तेवढंच माझ्या मशीनमधून जातं. आईशप्पथ सांगतो."

पण शपथा तिने फार ऐकल्या होत्या. तिने हॉटेलच्या मॅनेजरकडे तक्रार केली. मॅनेजरने प्रशांतला घरी बसवले. चौकशी होईपर्यंत ड्यूटी नाही, आणि नोकरी गेली तर व्हिसाही जाणार. मग भक्तीची शाळाही सुटणार आणि सगळ्यांनाच कुडाळला परतावे लागणार.

खरे सांगते, मित्रांनो, मलाही तेव्हा प्रशांतचाच संशय आला होता. तारा आणि मशीन ज्याच्या हातात, चोरी त्याचीच, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी रंजिता आमच्या दारात उभी राहिली. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत.

"मॅडम, माझ्या किचनमध्ये जाऊन बसा," ती म्हणाली. "आणि ही पेटी माझ्याकडे द्या."

"का?"

"द्या म्हणते ना! पळून नाही जात मी. माझ्या नवऱ्याची नोकरी तुमच्या हॉटेलात अडकलीय, मी जाणार कुठे?"

नुआलाने मला आजवर कुणाच्या हातात दिले नव्हते. तिने खूप वेळ रंजिताकडे पाहिले. शेवटी मला पुढे केले आणि शेजारी गेली. रंजिताने मला आमच्या स्वयंपाकघरात नेले आणि हाताला येतील ती बटणे दाबत अशी ओढली की माझ्या सगळ्या पट्ट्या एकदम कोकलल्या. मग ती खिडकीकडे तोंड करून दवाखान्यात सवयीच्या झालेल्या इंग्रजीत बोलू लागली.

"ऐकू येतं का? पेटी ऐकू येते का? मी बोलते ते पण ऐकू येतं का? मग ऐका! माझी पोरगी तिथे ओट्याजवळ बसून अभ्यास करते. तुम्ही टॉवेल लावता दाराला, आणि तुमची खिडकी सताड उघडी! माझ्या नवऱ्याने कुणाच्या सुईलाही कधी हात लावला नाही. आणि तुम्ही त्याला चोर केलात!"

थोड्या वेळाने नुआला परत आली. तिचा चेहरा पडला होता.

"सगळं ऐकू आलं," ती हळूच म्हणाली. "चूक झाली माझी."

"मला नका सांगू. मॅनेजरला सांगा."

तिने सांगितले. चौकशी बंद झाली, प्रशांत कामावर परतला. तो तिला गाडीतून नेत राहिला, कारण ते त्याचे काम होते. पण पूर्वी तो वाटेत काहीबाही बोलायचा, ते थांबले. रेडिओ लावायचा आणि समोर बघायचा.

इथेच गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला सांगायला बसले नसते.

काही दिवसांनी भक्ती पलीकडे पुन्हा ते गाणे गुणगुणत होती. या वेळी नुआला चिडली नाही. खिडकीशी उभी राहून ऐकू लागली. अडलेल्या ओळीपाशी मुलगी आली आणि तिने भलतेच म्हटले: "आई, दाराचं कुलूप काढून मी गेले." मधल्या पोकळीतून ऐकताना इंग्रजीतल्या 'लॉक्ड'चे तिने 'अनलॉक्ड' ऐकले होते. तेवढ्यानेच अर्थ फिरला. कुलूप लावून जाणारी मुलगी आईला सोडून जाते. कुलूप काढून जाणारी परत येईन म्हणून जाते.

नुआलाने मला उचलले आणि ती ओळ तशी गाऊन पाहिली. माझा भाता त्या दिवशी मिटला नाही.

त्या गाण्याला डब्लिनची एक तरुण गायिका मिळाली. तिच्या निर्मात्याचा फोन आला तेव्हा मी टेबलावरच होते. त्याने विचारले, शब्द कुणाचे?

"माझे," नुआला म्हणाली.

"सगळे?"

"सगळे."

मित्रांनो, माझा भाता आखडला. मला त्या क्षणी फिंटन दिसला. जिला लुटले होते, तीच आता एका लहान मुलीची ओळ खिशात घालत होती. आजवर मी जगाचा संशय घेतला, पण हिचा कधी घेतला नव्हता.

नुआला फोन ठेवून बसून राहिली. चहा निवला. तिने मला हातात घेतले, ती ओळ पुन्हा गायला लागली, पण त्या शब्दाशी येताच तिने माझा भाता मिटला. तिने मला पिशवीत घातले आणि शेजारचे दार वाजवले.

साखळी लावून रंजिताने दार किलकिले केले. "आता काय?"

"भक्तीची एक ओळ मी घेतली आहे. गाण्यावर तिचं नाव घालायचं आहे. तुमची परवानगी हवी. कागदावर."

"कसला कागद?" रंजिताचे डोळे बारीक झाले. "आम्ही कुठे सही करणार नाही. प्रशांत, हिचं काय तरी नवीन आसा बघ!"

आतून प्रशांत मुद्दाम इंग्रजीत ओरडला. "आधी वकिलाला दाखवू!"

नुआला खळखळून हसली. तिला इतके हसताना मी किती वर्षांनी पाहत होते! ते हसू पाहून रंजिताने साखळी काढली. भक्ती दारात आली आणि सारे ऐकून गोंधळली.

"पण मी तर ते चुकीचं ऐकलं होतं," ती इंग्रजीत म्हणाली.

"अगं, माझी निम्मी गाणी मी चुकीचं ऐकूनच लिहिली आहेत," नुआला म्हणाली.

परबांनी तो कागद खरोखरच एका वकिलाला दाखवला. नुआलाने मुकाट्याने वाट पाहिली, आणि दरम्यान निर्मात्याला फोन करून आधी सांगितलेले दुरुस्त केले. सही करताना रंजिताने बजावले, "नुसतं भक्ती नको. आडनाव पाहिजे. भक्ती परब."

गाणे निघाले. एका संध्याकाळी आम्ही झल्लाकला निघालो होतो आणि गाडीच्या रेडिओवर ते लागले. नुआला डोळे मिटून ऐकत होती. गाणे संपले. निवेदकाने गायिकेचे नाव घेतले, तिची वाहवा केली आणि हवामान सांगू लागला. नुआलाने खिडकीबाहेर तोंड फिरवले. तिला याची सवय होती.

प्रशांतने गाडी रस्त्याकडेला घेतली. कशाला, असे तिने विचारायच्या आतच त्याने रेडिओ स्टेशनला फोन लावला.

"हॅलो! आत्ता गाणं लावलंत ना, ते लिहिलं कुणी ते नाही सांगितलंत," तो आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "लिहून घ्या. नुआला टीअर्नी. आणि भक्ती परब. नाही, नाही, स्पेलिंग सांगतो. थांबा."

त्याने एकेक अक्षर सांगितले. मग गाडी सुरू केली. "इंशाल्ला, सांगतील," तो नुआलाला म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो वाटेत आपणहून बोलला होता.

पुढच्या गाण्यानंतर निवेदकाने दोन्ही नावे घेतली. दोन्ही चुकीची उच्चारली, पण दोन्ही घेतली.

आता मी म्हातारी झाले आहे. या खाऱ्या हवेने माझ्या पट्ट्यांना गंज धरला आहे आणि भाता धापा टाकतो. माझा संशयी स्वभाव काही गेलेला नाही. गाणे वाजले की मी कान टवकारते, हे खरे कुणाचे, म्हणून. मित्रांनो, माझी निगा राखणारे आहेत. माझी काळजी नको. पण एखादे गाणे आवडले तर गाणाऱ्याला टाळ्या देऊन थांबू नका. ते शब्द कुणाचे, असे एकदा मोठ्याने विचारा.