जाऊबाईंचा हात

दुखणं अगदी असह्य झालेलं असताना शेजारी दुसरंच कुणी ओरडलं आणि तुमचं दुखणं तिथल्या तिथे थांबलं, असं कधी झालंय का हो तुमचं?

माझी पिशवी काढली. गाठी झाल्या होत्या, अंगावरून जाणं थांबत नव्हतं, ठेवण्यात अर्थ नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घरी आल्यावर माझं सगळं मोठ्या जाऊबाईंनी अंगावर घेतलं. भावजी गेल्यापासून त्या आमच्यातच राहतात आणि खालच्या मजल्यावरच्या आमच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात आम्ही दोघी बरोबरीने राबतो.

"पिशवी गेली म्हणून रडतेस काय," मला कुशीवर वळवताना त्या म्हणायच्या, "आता भाजी ओंजळीतून आणू."

हसलं की टाके ताणायचे, म्हणून मी पोटावर उशी दाबून धरायची आणि हसता हसता म्हणायची, "जाऊबाई, माराल हो मला!"

वरचे टाके सुकत आले, पण आतलं दुखणं वाढत गेलं. जिथे आता काही उरलंच नव्हतं, तिथे कुणी बोथट कात्रीने सावकाश कापत बसलंय असं वाटायचं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं. जखम छान भरतेय म्हणाल्या आणि गोळ्या बदलून दिल्या.

एका दुपारी मी उशी चावत पडले होते. मला शेकण्यासाठी जाऊबाई रबरी पिशवीत उकळतं पाणी ओतत होत्या, ते त्यांच्या पायावर सांडलं. त्या किंचाळल्या. पायाची कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखी सुटून आली आणि त्याच क्षणी माझ्या पोटातली कात्री थांबली. पलीकडच्या खोलीत त्या कण्हत होत्या आणि इकडे मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

त्यांचा पाय बरा होऊ लागला तसं माझं दुखणं परतलं. मग एकदा कपाटाच्या दारात त्यांचं बोट चेंगरलं, नख काळंनिळं पडलं आणि मला पुन्हा मोकळं वाटलं. पुढे ह्यांचा गुडघा पलंगाच्या कडेवर आदळला तेव्हा मी श्वास रोखून वाट पाहिली. काही झालं नाही. आपण वाट पाहत होतो हे लक्षात आलं आणि मी घाबरले.

तरीही, जाऊबाई पांघरूण झटकायला येणार हे ठाऊक असूनही, शिवताना त्यात अडकवलेली सुई मी तशीच राहू दिली. ती त्यांच्या तळहातात खोल शिरली. त्यांनी ती उपसून काढली, रक्त चोखलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"जरा बरं वाटलं ना?" त्यांनी मायेने विचारलं.

त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "जाऊबाईंना काही दिवस त्यांच्या भावाकडे पाठवा."

"वेड लागलंय का तुला? मग तुझं कोण करणार?"

"माझं काही करू नका, पण त्यांना पाठवा."

ह्यांनी ते हसण्यावारी नेलं.

आमच्याकडे कागद कापायला जुनं हाताचं यंत्र आहे. एकजण पात्याखाली गठ्ठा नीट बसवतो, दुसरा दांडा ओढतो. ओढणाऱ्याने आधी "हात?" असं विचारायचं आणि समोरून "बाहेर" असं ऐकल्याशिवाय दांड्याला जोर लावायचा नाही, ही सासऱ्यांनी घालून दिलेली शिस्त. ती कुणी कधी मोडली नाही.

काल दुपारी हे माल पोचवायला गेले होते. सकाळपासून कात्री इतकी चालली होती की मला भिंतीला धरून उभं राहावं लागत होतं. पडून राहवेना, म्हणून एकेक पायरी उतरत मी खाली गेले. जाऊबाई एकट्याच गठ्ठा बसवत होत्या.

"दांडा मी ओढते," मी म्हटलं.

"अगं, जोर लावायचा नाही सांगितलंय ना? टाके तुटतील."

"तुटू देत."

त्यांनी गठ्ठा पात्याखाली सरकवला. मी दांडा धरला. पोटात असा काही पीळ बसला की डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तोंडातून शब्द सवयीने बाहेर पडला.

"हात?"

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, आजारी लेकराकडे बघावं तशा.

"बाहेर," त्या म्हणाल्या.

माझी नजर खाली गेली. त्यांचा उजवा हात गठ्ठ्यावर, पात्याच्या बरोब्बर खाली, बोटं पसरून ठेवलेला होता. तो मला स्वच्छ दिसत होता.

मी दांडा ओढला.

पातं हाडापाशी क्षणभर अडलं आणि मग खाली गेलं. कोऱ्या कागदांवर रक्ताची चिळकांडी उडाली, बोटं माझ्या पावलांशी येऊन पडली आणि माझं पोट शांत, हलकं झालं. मी सरळ उभी राहिले, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

आज सकाळी जाऊबाई दवाखान्यातून घरी आल्या, माझ्या उशाशी बसल्या, बांधलेला हात त्यांनी मांडीवर ठेवला आणि डावा हात माझ्यापुढे धरला.