टिकल्या लावलेला सिंथेसायझर

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर आहे. खरं सांगायचं तर वयानं नाही, धाटणीनं जुना. कारखान्यात मला मुद्दामच आजोबांसारखं घडवलं. अंगावर चोवीस गोल बटणं, पण स्मरणशक्तीच्या नावानं शंख! बटणं फिरली की आधीचा आवाज मी विसरलोच.

वडवणीच्या सोमेश्वरनं मला वरातीत वाजवायला आणलं आणि दोन दिवसांत तो कंटाळला. मला बोलतं केलं ते त्याच्या धाकट्या बहिणीनं, शिवकन्येनं. ती वडिलांच्या बांगड्यांच्या दुकानात बसायची. गिऱ्हाईक नसलं की माझी बटणं फिरवत राहायची. महिन्याभरानं तिला हवा तो आवाज सापडला, सनईसारखा चढणारा आणि शेवटी गिरणीच्या पट्ट्यासारखा थरथरणारा. मी तो विसरू नये म्हणून तिनं प्रत्येक बटण जिथं थांबवलं होतं तिथं दुकानातली एकेक टिकली चिकटवली. इतकं कौतुक माझं कुणीच केलं नव्हतं.

त्या आवाजाचं गाणं तिनं मोबाइलवरच रेकॉर्ड केलं. सोमेश्वरनं ते इंटरनेटवर आपल्या नावानं टाकलं आणि ते तालुकाभर गाजलं.

“दादा, माजं नाव कावून न्हाई टाकलं?”

“घरातल्या घरात कशाला लागतंय नाव? तुजं-माजं येकच हाय की.”

ती पुन्हा बांगड्या लावायला वळली. मला मात्र फार राग आला.

पुढं लिंबागणेश गावातल्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. “लई बायकी दिसतंय,” म्हणत सोमेश्वरनं सगळ्या टिकल्या नखानं खरवडल्या. पुसता पुसता बटणंही फिरली. शिवकन्या नुसती हसली.

“खुशाल ने. माज्याबिगर त्यो बोलायचा न्हाई.”

एवढा तिचा माझ्यावर भरवसा!

स्टेजवर सोमेश्वरला तो आवाज काही सापडेना. मग त्यानं हळूच माझी स्पीकरकडे जाणारी वायर काढून माझ्याआड लपवलेल्या मोबाइलला जोडली. तिचंच रेकॉर्डिंग लावलं आणि माझी बटणं फिरवत डोलू लागला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मुका, आणि वाहवा माझी! केसानं गळा कापतात म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

समोर बायकांत बसलेली शिवकन्या माझ्याकडे एकटक बघत होती. गाणं संपायच्या आतच ती उठून गेली.

आता मी दुकानातल्या कपाटावर पडून आहे. तिनं मला पुन्हा हात लावलेला नाही. तिला वाटतं, मी तिच्या भावाला फितूर झालो.

मित्रांनो, ज्याची मेहनत, त्याचं नाव घेत जा. आणि कधी वडवणीला आलात, तर शिवकन्येला माझं एवढंच सांगा, त्या दिवशी माझी वायर काढलेली होती.