कापडाची पाठ

...कान शिवणीत गेला होता. डावा कान, अर्धा. आणि त्याच्याखाली सुरू होणारी कल्ल्याची रेघ थेट बगलेत नाहीशी होत होती. निखाऱ्यांची इस्त्री हातात धरून सेनामी त्या अर्ध्या कानाकडे पाहत राहिली. शिंप्याला तिनं बजावलं होतं, कापडावर छापलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या तोंडावरून कात्री फिरवू नकोस म्हणून – आणि त्यानं बिचाऱ्यानं तोंडं वाचवली होती, एक छातीवर, एक पाठीवर, दोन मांड्यांवर, आणि एक... एक नेमकं तिथं, जिथं बसावं लागतं. काल कपडे अंगाला लावून बघताना बायका हसून हसून लोळल्या होत्या. "मिळाली बरं साहेबांना जागा!" थोरली आत्या म्हणाली होती. "अशी मऊ खुर्ची त्यांना राजवाड्यातसुद्धा नसेल."

आणि आज सकाळपासून रेडिओवर बँड वाजत होता.

बँड म्हणजे लष्करानं राज्य उलटवलं, हे पोर्तो-नोव्होत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फ्रेंच गेल्यापासून ही चौथी खेप, की पाचवी... आधी नुसता बँड, मग दुपारी केव्हातरी एक घोगरा आवाज आणि नव्या नावांची यादी, आणि दुसऱ्या दिवशी पाव रोजच्यासारखाच भाजलेला. आई म्हणायची, बाजार भरला ना? मग राज्य आहे. सेनामीनंही आजवर तेवढाच हिशेब ठेवला होता. राजवाड्यात कोण बसलं नि कोण उठलं, याचं तिला कधी सोयरसुतक नव्हतं. पण आज तिची नजर सारखी फाटकाकडे जात होती.

आईला जमिनीत ठेवून दोन महिने झाले होते. पण तिला खरं पोचवायचं ते आज. जावयानं कापड आणायचं, आणि लेकी, सुना, नाती, सगळ्यांनी त्या एकाच कापडात बाजारातून नाचत जायचं – ज्या बाईमागं एका कापडाची रांग नाही, ती बिनलेकीची मेली असं लोक म्हणतात. बोनिफास, सेनामीचा नवरा, साहेबांच्याच पक्षाचा वॉर्डातला चिटणीस. त्यानं पक्षाकडून साहेबांच्या तोंडाचे गठ्ठे फुकट आणून अंगणात टाकले, तेव्हा आकुवावी ताई फणकारली होती, "आईच्या विधीला परक्या पुरुषाचं थोबाड?" आणि सेनामी नवऱ्याच्या बाजूनं भांडली होती. खरं मेणाचं कापड आहे म्हणे, हॉलंडचं. तुझ्या नवऱ्यानं आणलं असतं का?

चाळीस वर्षं कापड विकलेली आई... कापडाचं पोट बघू नये, पाठ बघावी, असं सांगत दोघींचे हात धरून ती कापडावर फिरवायची. मेणाचं कापड दोन्ही बाजूंनी सारखं रंगतं, स्वस्तातलं एकाच बाजूनं. आणि सेनामीनं पहिल्याच रात्री गठ्ठ्याचं टोक उलटून पाहिलं होतं. पांढरं. टोक पुन्हा नीट घडीत घातलं आणि बोनिफासला विचारलं नाही – विचारलं असतं तर तो खोटं बोलला असता, आणि मग ते खोटं मला आयुष्यभर सांभाळावं लागलं असतं. त्यापेक्षा हे बरं, कुणीच काही बोललं नाही.

पहाटे, बँड सुरू व्हायच्या आधी, तो पूल ओलांडून कोतोनूला बर्फाच्या लाद्या आणायला गेला होता. नवा सदरा घालून. "जरा मिरवतो," म्हणाला. तिनं दारातून पाहिलं तेव्हा त्याच्या दोन खांद्यांच्या मधोमध साहेबांचं तोंड हसत हसत लांब चाललं होतं. "लिंबंही आणा!" ती मागून ओरडली होती. तेवढंच.

"पुलावर शिपाई आहेत." शेजारची मासेवाली टोपली न उतरवताच फाटकातून सांगत होती. "पक्षाचे बिल्ले काढायला लावतायत. दोघांना तर ट्रकमध्ये घातलं, माझ्या डोळ्यांदेखत."

"कोण दोघं?" सेनामीनं विचारलं.

"मला काय माहीत, बाई? मी काय थांबते तिथं?"

अंगणभर तीसएक बाया नव्या कपड्यांत उभ्या होत्या, आणि प्रत्येकीच्या छातीवरून साहेब सेनामीकडे पाहत होते.

"पुढं ढकलू या," ताई म्हणाली.

"बकऱ्या कापून झाल्या," आत्या म्हणाली. "त्या काय आता शिवून उभ्या करू? तुझी आई मरताना सरकारला विचारून मेली होती?"

"मग आपापले जुने कपडे घालू."

"आणि ती बिनलेकीची जाऊ दे? वा! दोन-दोन घोड्या जन्माला घातल्या त्या कशाला मग?"

मक्याच्या गोळ्यांची पानं सोलायची तेवढी चालू होती.

"उलटं घालू," सेनामी म्हणाली.

"मेणाचं कापड उलटं घातलं काय नि सुलटं घातलं काय. दोन्हीकडून तेच—" ताई थांबली. सेनामीनं आपल्या घागऱ्याचा काठ उलटून धरला होता. तांदळाच्या धुवणासारखा पांढरट, आणि त्यात कुठंकुठं चेहऱ्याची नुसती सावली. ताईनं पुढं येऊन तो काठ अंगठा आणि बोटामध्ये चोळला, अगदी आईसारखा. सेनामीचे कान तापले. लाज वाटली, सरळ सरळ लाज, आणि त्या लाजेतही नजर फाटकावर होती.

"हॉलंड बरंच जवळ आलं ग," ताई म्हणाली. पण सगळ्यांत आधी तिनंच अंगातली चोळी काढून उलटी केली.

मग त्या निघाल्या. शिवणी बाहेर, धागे लोंबतायत, आणि पुढं ढोल. बाजारातल्या बायांनी आधी डोळे बारीक केले, मग त्यांना कळलं, आणि मग मिरच्यांच्या ढिगामागून एकजण ओरडली, "पाठ सुरेख आहे हो!" हशा पिकला, टाळ्या सुरू झाल्या. कोपऱ्यावरच्या शिपायानं विचारलं, "कुणाचा विधी?" "आईचा," ताई म्हणाली. त्यानं बंदूक बाजूला घेतली आणि वाट दिली.

ऊन चढलं होतं. घामानं कापड अंगाला चिकटलं आणि सेनामीला जाणवलं, ते तोंड आता आतल्या बाजूनं तिच्या छातीवर टेकलं आहे, ओलं, उघड्या कातडीवर – इतक्या जवळ तर बोनिफासही हल्ली कधी... तिनं मान वळवली. बाजाराच्या टोकाशी खाजण, खाजणावर पूल, पुलावरून चालत येणारी माणसं. त्याला सुचेल का, सदरा उलटा करायचं? त्यानं जन्मात कधी कुठल्या गोष्टीची पाठ पाहिली नाही. मी पाहिली, आणि गप्प बसले. त्या रात्री भांडले असते, गठ्ठे परत पाठवले असते, तर आज तो जुन्या निळ्या सदऱ्यात बर्फ घेऊन...

"मागा आता काय मागायचं ते," आत्या ढोलावरून ओरडली. "आज ती ऐकते!"

ताई ओठ हलवत होती. ती मुलीच्या बाळंतपणाचं मागत असणार. सेनामीनं डोळे मिटले, नवऱ्याचं नाव घ्यायला म्हणून, आणि तिच्या तोंडून भलतंच आलं. आई, त्या माणसाला परत बसव. राजवाड्यात. जास्त नको, संध्याकाळपर्यंत. बर्फ घरी येईपर्यंत. मग त्याचं काय व्हायचं ते होऊ दे.

असं आपण कुणाचं राज्य मागू, हे तिला सकाळी कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती. आता हसू आलं नाही. तिनं तळवा छातीवर दाबला, आतलं ते तोंड सरकू नये म्हणून, आणि पायांचा ताल न चुकवता ती पुलाकडे पाहत नाचत राहिली. तोंडं कळत नव्हती एवढ्या लांबून, ती सदरे पाहत होती.