ढोलाविना शनिवार

मुंगीने कंपासचं टोक कागदात रोवलं, वर्तुळ काढायला घेतलं आणि अर्ध्यातच थांबून कान टवकारले. कालव्यापलीकडून काहीच आवाज आला नाही. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. सामना सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली होती आणि गणिताच्या पेपरचा सव्वा तास उरला होता.

मैदान शाळेपासून फार लांब नव्हतं, पण माणसांचा आरडाओरडा वर्गात ऐकू यावा इतकं जवळही नव्हतं. ऐकू यायचा तो फक्त आजोबांचा ढोल. पिवळ्यांनी, म्हणजे गावच्या पिवळ्या जर्सीतल्या फुटबॉल संघाने, गोल केला की आजोबा ठोके द्यायचे. पहिल्या गोलाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. एकतीस वर्षं हा नेम चुकला नव्हता. ढोल वाजला की न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबायचा, आणि ठोके मोजून झाल्यावरच पुढे सरकायचा.

याच ढोलाने सराव परीक्षेत मुंगीचा घात केला होता. दोन नळ सोडले तर टाकी किती तासांत भरेल, हे गणित तिने अगदी काठापर्यंत आणलं होतं. उत्तर सात यायचं होतं. तेवढ्यात पलीकडून तीन ठोके पडले आणि आनंदाच्या भरात पोरीने उत्तर लिहिलं, तीन. शिवाय त्याखाली दोन रेघाही ओढल्या. पुढची चार गणितं तिने सोडवलीच नाहीत. कच्च्या पानावर पिवळे आता गुणतालिकेत कितवे, हे मात्र तिने पाच मिनिटांत अचूक काढलं. शंभरात एकतीस. बाईंनी कच्चं पानही तपासून त्यावर लाल शाईत 'बरोबर' असा शेरा मारला होता, आणि आईला तोच जास्त झोंबला.

"बाबा, शनिवारी हिचा मुख्य परीक्षेचा पेपर आहे," आई आजोबांना म्हणाली होती. "पाच वाजेपर्यंत ढोल वाजता कामा नये."

"अगं, शेवटचा सामना आहे. जिंकलो नाही तर पिवळे खालच्या गटात जातील."

"आणि ही पास झाली नाही तर त्याच वर्गात राहील. त्याचं काय?"

आजोबांनी ढोलाकडे पाहिलं, मग नातीकडे पाहिलं.

"नाही वाजणार. शब्द दिला."

आता त्या शब्दानेच पंचाईत केली होती. एरवी ढोल गप्प म्हणजे गोल नाही, एवढं तरी कळायचं. आज काहीच कळायला मार्ग नव्हता. पिवळ्यांनी चार गोल मारले असतील किंवा चार खाल्ले असतील, शांतता तीच. मुंगीने पाण्याचा घोट घेतला. पेन्सिलीला टोक केलं, मग टोक असलेल्या पेन्सिलीलाच पुन्हा टोक केलं.

"काही हवंय का?" पर्यवेक्षक बाईंनी विचारलं.

"नाही बाई."

हवं होतं ते बाईंकडे नव्हतं. मग तिच्या मनात आलं, आजोबा तिथे मांडीवर ढोल घेऊन, हात आवळून बसले असतील. सगळं मैदान नाचत असताना हा माणूस आपल्यासाठी गप्प बसणार, आणि आपण इथे पेन्सिली तासत बसायचं? तिची तिलाच लाज वाटली. तिने वर्तुळ पुरं केलं.

त्यानंतर तिने घड्याळाकडे पाहिलं ते थेट शेवटच्या प्रश्नाला. आज टाकीच्या जागी हौद होता, बाकी गणित तेच, मागच्या वेळी हातचं घालवलेलं. तिने ते दोनदा पडताळलं. उत्तर आलं, बारा. बोटांवर मोजल्यासारखे तिने आकडे गिरवले आणि घंटा झाली.

फाटकाबाहेर येऊन ती मैदानाच्या दिशेने पळणार, तोच तिचे पाय थांबले. समोरच्या बसथांब्याच्या बाकावर आजोबा बसले होते. पिवळी टोपी, पिवळा मफलर, पुढ्यात ढोल.

"आजोबा! तुम्ही इथे? किती झालेत?"

"मला काय माहीत?"

"म्हणजे? मॅच?"

"गेलोच नाही." आजोबांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. जन्मभर घड्याळं दुरुस्त करताना तिळाएवढा स्क्रू न थरथरता बसवणारे हात. "शब्द मी दिला होता गं, यांनी कुठे दिला होता? तिथे गोल झाला असता तर यांनी माझं ऐकलं नसतं."

एकतीस वर्षांत आजोबांचा एकही सामना चुकला नव्हता. आजी दवाखान्यात होती तेव्हाही ती म्हणाली होती, जाऊन या, मला इथून ऐकू येईल.  मुंगीने त्यांचा मफलर नीट केला.

तेवढ्यात आईची स्कूटर करकचून थांबली. अंगात बेकरीचा एप्रन, कोपरापर्यंत पीठ.

"बसा दोघं. चौदा मिनिटं उरलीत."

"तुला गं काय माहीत किती उरलीत?" आजोबांनी विचारलं.

"बसा म्हटलं ना!"

तिघं आणि एक ढोल, अशी वरात कालव्याच्या पुलावरून गेली. फाटकावरच्या तिकीटवाल्याने त्यांना पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"आजोबा, होतात कुठे? एक-एक बरोबरी आहे. आपला गोल झाला आणि सगळं मैदान मागे वळून बघत बसलं, ढोल का वाजला नाही म्हणून. तेवढ्यात त्यांनी एक मारला की!"

आजोबा त्यांच्या नेहमीच्या पायरीवर गेले. ढोल मुंगीच्या गळ्यात अडकवला आणि टिपरू तिच्या हातात दिलं.

"राहिलेला एक देऊन टाक आधी."

तिने ठोका दिला. खाली मैदानात पिवळ्यांच्या गोलकीपरने मागे वळून हातमोजा उंचावला, आणि सगळ्या पायऱ्या एकदम उठून उभ्या राहिल्या.

"आता सांग," आजोबा म्हणाले. "पेपर कसा गेला?"

"हौद भरला आजोबा. बारा तासांत. आणि आधीचं पण सगळं—"

"गप्प बसा दोघं," आई म्हणाली. "कॉर्नर आहे आपला."

चेंडू वर चढला, गर्दीत उतरला, कुणाच्या तरी डोक्याला लागला आणि जाळीत गेला. मुंगी तोंडावर हात ठेवून उभीच राहिली. आजोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांचे हात हवेतच ठोके देत होते. पिठाचा एक पांढरा पंजा मुंगीच्या पाठीवर पडला.

"अगं, बघतेस काय नुसती?" आई ओरडली. "वाजव ना! दोन!"